वेल चढते कशी? फुलवेलींवरच्या पुस्तकाची प्रस्तावना

जूनचा पहिला पाऊस पडला की रोपवाटिकांसमोर गाड्यांची रांग लागते. काळ्या पिशवीतल्या हातभर रोपाला फुलाचं रंगीत चित्र टांगलेलं असतं आणि बहुतेक वेळा त्या चित्रावर भाळूनच रोप घरी येतं. घेणारा रंग विचारतो, वास विचारतो, बारमाही फुलेल का हेही विचारतो. ही वेल कशाला धरून चढते, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. मग दोन पावसाळे उलटतात. तळमजल्यावर लावलेली मधुमालती खाली उघडी खोडं ठेवून तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलमध्ये जाऊन फुलते. फुलं वरच्या काकूंच्या देवाला जातात आणि लावणाऱ्याच्या वाट्याला पानांचा केर येतो. कृष्णकमळाला सिमेंटचा गुळगुळीत खांब दिलेला असतो. त्याला तो धरता येत नाही, म्हणून ते फरशीवर पसरतं. गोकर्णाला जाड बांबू दिलेला असतो, त्याचं तेच. दोष रोपाला दिला जातो, मातीला दिला जातो, रोपवाटिकेलाही दिला जातो.

फुलवेलींच्या बाबतीत पदरी येणारी निराशा बहुतेक वेळा आधार चुकल्याने येते, हे या पुस्तकाचं मुख्य म्हणणं आहे. रंग, गंध, ऋतू हे सगळं त्यानंतरचं. मराठीत बागकामाची पुस्तकं कमी नाहीत, पण त्यांत वेलींना बहुधा शेवटचं छोटं प्रकरण मिळतं. झाडं, झुडपं, हंगामी फुलं आणि कुंड्या आटोपल्या की 'वेली' या मथळ्याखाली पंधरा-वीस नावं येतात. वेलीची जगण्याची रीतच वेगळी असल्यामुळे तिला स्वतंत्र पुस्तक हवं होतं.

ही रीत समजायला जंगलाकडे पाहावं लागतं. झाड आपल्या कमाईचा मोठा भाग खोड जाड करण्यात घालवतं, कारण त्याला स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं. वेल हा खर्च टाळते. दुसऱ्याच्या अंगाखांद्यावरून ती उजेडापर्यंत पोचते आणि वाचलेलं सगळं लांबी, पानं व फुलं यांवर लावते. म्हणूनच ती एका पावसाळ्यात कुंपण झाकू शकते, आणि म्हणूनच तिला आवर घालावा लागतो. तिचं खोड सडसडीत असलं तरी मुळांची भूक मोठ्या झुडपाएवढी असते. बारा इंची कुंडीत लसूणवेल लावून ती गच्ची झाकेल अशी आशा धरणाऱ्यांनी एवढं ध्यानात घेतलं तरी पुष्कळ.

वेलींच्या चढण्याचा नेटका अभ्यास चार्ल्स डार्विनने केला. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांचं वेलींच्या तणाव्यांवरचं टिपण त्याच्या वाचनात आलं होतं आणि ग्रे यांनीच त्याला काकडीच्या कुळातल्या एका रानवेलीचं बीही पाठवलं. 1860च्या दशकाच्या पूर्वार्धात डार्विनची प्रकृती बरी नव्हती. घरातल्या घरात बसून तो त्या वेलीचा शेंडा न्याहाळत असे. शेंडा हळूहळू गोल फिरतो आणि दीड-दोन तासांत एक फेरी पुरी करतो, हे त्याला दिसलं. 1865 मध्ये त्याचा दीर्घ निबंध लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि 1875 मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यात सेरोपेजियाचा एक प्रयोग आहे. एका शेंड्याला त्याने आधाराविना आडवं वाढू दिलं. 31 इंच लांब झालेला तो शेंडा हवेत पाच फुटांहून अधिक व्यासाचं वर्तुळ काढत होता. मराठी वाचकाला यात एक जवळची खूण सापडेल. सेरोपेजिया म्हणजेच सह्याद्रीतल्या कड्याकपारींत पावसाळ्यात दिसणारी कंदीलपुष्पं. डार्विनने घेतलेली जात वेगळी होती, कूळ आणि प्रजाती मात्र हीच. या फुलाच्या कंदिलात चिमुकल्या माश्या शिरतात, आतल्या केसांमुळे काही काळ अडकतात आणि केस सुकले की परागांचं ओझं घेऊन सुटतात. यांतल्या कित्येक जाती पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जपण्याचं, वाढवण्याचं मोठं काम केलं आहे. एक तंबी इथेच देऊन ठेवावी: कंदीलपुष्प डोंगरावरून उपटून आणायची वस्तू नव्हे. उपटलेला कंद घरी सहसा जगत नाही आणि कड्यावरची जागा तेवढी रिकामी होते.

डार्विनने वेलींच्या चढण्याचे जे गट पाडले ते बागेत अजूनही कामाला येतात. काही वेली अख्ख्या खोडाने आधाराला पिळा घालतात. गोकर्ण, गारवेल, गणेशवेल, थंबर्जिया आणि निळ्या-जांभळ्या झुबक्यांची पेट्रिया या त्यातल्या. यांना बारीक, उभा, जरा खरबरीत आधार लागतो. सुतळी, काथ्या, बोटाएवढी काठी किंवा ताणलेली तार चालते. शेंडा जेवढं वर्तुळ काढतो त्यात मावेल एवढ्याच जाडीचा आधार तिला कवेत घेता येतो. हात पुरणार नाही असा खांब दिला तर ती घसरते. पिळ्याची दिशाही ठरलेली असते. बहुतेक जाती एकाच बाजूने वळतात, थोड्या उलट्या. वाऱ्याने सुटलेला शेंडा हौसेने उलट्या दिशेने गुंडाळला तर रात्रीतून तो सुटून पुन्हा लोंबायला लागतो. माळी लोकांना हे ठाऊक असतं. ते शेंड्याला आधाराजवळ नेऊन सैल बांधतात आणि पुढचं तिच्यावर सोपवतात.

दुसऱ्या गटाला तणावे असतात. हे तणावे निरनिराळ्या अवयवांपासून झालेले असतात आणि तेवढ्यावरून बागेतली वागणूक बदलते. कृष्णकमळाचे तणावे पानांच्या बगलेतून येतात. संक्रांतवेलीत आणि लसूणवेलीत संयुक्त पानाची टोकाची पर्णिकाच तणाव्याचं रूप घेते. आइसक्रीम वेलीत फुलांच्या मंजिरीचं टोक तणावा होतं. कळलावीचं तर पानच टोकाशी वळून काडी धरतं, आणि सह्याद्रीतली मोरवेल पानाच्या देठाने विळखा घालते. तणावा एकदा चिकटला की मधोमध वळून स्प्रिंगसारखा आखडतो आणि वेलीला आधाराकडे ओढतो. वादळी वाऱ्यात हीच स्प्रिंग झटके सोसते. अशा वेलींना जाळी हवी, तीही बारीक गजाची. जाड लाकडी पट्ट्यांची देखणी ताटी त्यांना निरुपयोगी असते. त्यावर आधी कोंबडीजाळी किंवा मासेमारीचं जुनं जाळं ताणावं लागतं.

तिसरा गट मुळांनी चिकटणाऱ्यांचा. कॅम्प्सिससारख्या वेली भिंतीला स्वतःच धरतात, तारेची गरज नसते. ही सोय आपल्याकडे जरा जपून घ्यावी. कोकणात आणि मुंबईत चार महिने ओल हटत नाही. चिकटलेल्या मुळांच्या मागे ती कोंडते आणि रंग, गिलावा फुगतो. होया हीसुद्धा मुळांनी धरणारी, पण तिला भिंत लागत नाही. झाडाची साल, नारळाच्या सोडणाची काठी किंवा टांगती कुंडी पुरते. होयाची फुलं गळली की उरलेला छोटा देठ वाळका समजून कापू नये. पुढचा झुबका त्याच देठावर येतो.

उरल्या त्या टेकणाऱ्या, काट्यांनी अडकणाऱ्या, झुकून वर जाणाऱ्या. बोगनवेल आणि वेली गुलाब हे यातले ठळक. जाई-जुई कधी पिळा घालतात, कधी नुसत्या रेलतात. यांना माणसाने बांधावं लागतं, दर वर्षी आणि पुन्हा पुन्हा. मोगरा तर वेल की झुडूप हेच ठरत नाही. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या अभंगात दारीच्या मोगऱ्याचा वेल गगनाला भिडतो, पण बागेतला साधा मोगरा कंबरेएवढं झुडूप होऊन राहतो. 'वेली मोगरा' म्हणून मिळणाऱ्या प्रकाराला तारेवर बांधलं तरच तो माणसाच्या उंचीवर जातो.

या चार तऱ्हा एकदा ओळखल्या की बाकीची माहिती आपसूक जागेवर बसते. म्हणून या पुस्तकाची मांडणी रंगांवरून किंवा अकारविल्हे नसून चढण्याच्या तऱ्हेवरून केली आहे.

वेल आणि मांडव यांचं भारतीय बागेतलं नातं फार जुनं आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात घरच्या स्त्रीने परसबागेत कोणती झाडं लावावीत याची यादी आहे. मल्लिका, जाती, नवमालिका ही नावं त्यात येतात. कालिदासाच्या शकुंतलेने आश्रमातल्या नवमालिकेचं नाव वनज्योत्स्ना ठेवलं होतं आणि ती आंब्याला बिलगली म्हणून तिचं लग्न लागलं असं ती मानत होती. सासरी निघताना ती या वेलीचाही निरोप घेते. त्याच नाटकाच्या सहाव्या अंकात दुष्यंत माधवीच्या मांडवात बसून झुरतो. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत गोदाकाठच्या दाट कुंजांत भेटीगाठी होतात. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात रोग, खतं, सिंचन यांची चर्चा आहे. त्याचं हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होतं आणि डॉ. नलिनी साधले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं कुणपजल, म्हणजे प्राणिज पदार्थ कुजवून केलेलं द्रवखत, आजच्या सेंद्रिय बागवाल्यांनी उचलून धरलं आहे. वास सोसण्याची तयारी असेल तर ते जोमदार खत आहे. सहनिवासाच्या गच्चीवर मात्र शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्यावं.

घराघरांतली परंपरा याहून साधी आणि जास्त टिकाऊ निघाली. देवाला आणि वेणीला फूल हवं, म्हणून विहिरीच्या कडेला जाई, आडोशाला जुई, तुळशीपाशी मोगरा आणि हिवाळ्यासाठी कुंद. सांडपाणी पाटाने तिकडेच वळवलेलं. गोव्यात मार्दोळच्या महालसा देवळात जायांची पूजा होते, तेव्हा आसपासच्या मळ्यांतली जाईची फुलं देवीला वाहिली जातात. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागांतल्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याला नगदी पीक बनवलं आहे; पहाटे खुडलेल्या कळ्या दादरच्या फूलबाजारात पोचतात. घराघरांतल्या बायकांना आणि या शेतकऱ्यांना छाटणीचं जे तंत्र अवगत आहे ते शहरातल्या हौशी बागेत अजून आलेलं नाही. हिवाळ्याच्या तोंडाला मोगऱ्याचं पाणी तोडायचं, मग छाटायचं, खत भरायचं आणि पाणी सुरू करायचं; फेब्रुवारीपासून कळ्या धरतात. शहरातला मोगरा बारा महिने पाणी पितो, कधीच छाटला जात नाही आणि मग 'याला नुसती पानंच येतात' अशी तक्रार होते.

आज ज्यांना आपण ओळखीच्या वेली म्हणतो त्यातल्या पुष्कळ समुद्रापलीकडून आल्या. 1767 मध्ये फ्रेंच कप्तान बुगेनविल याच्या पृथ्वीप्रदक्षिणेत रिओ दि जानेरोला जहाज थांबलं असताना वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमेर्साँ याने बोगनवेल टिपली. त्याच्यासोबत पुरुषवेशात आलेली त्याची सहकारी झान बारे होती. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं आणि बोगनवेलीचा पहिला नमुना तिनेच गोळा केला असावा असं काही अभ्यासक मानतात. वेलीला नाव मात्र कप्तानाचं मिळालं. तिच्या रंगीत 'पाकळ्या' ही खरं तर पानांची रूपं. खरी फुलं आतली, पांढुरकी, तीन-तीन. संक्रांतवेल ब्राझीलकडची, आइसक्रीम वेल मेक्सिकोची, गणेशवेलही अमेरिकेच्या उष्ण भागातली. कृष्णकमळ दक्षिण अमेरिकेचं. स्पॅनिश धर्मप्रसारकांनी त्या फुलात ख्रिस्ताचा काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे पाहिले. भारतात तेच तंतू शंभर कौरव झाले, पाच पुंकेसर पांडव आणि वरचे तीन कुक्षी ब्रह्मा-विष्णू-महेश. गणेशवेल आणि संक्रांतवेल या परदेशी वेलींनी तर मराठी सणांची नावंच घेतली, तीही अगदी बिनबोभाट.

या आवकीला शिस्त लावली ती इंग्रजी अमदानीतल्या बागांनी. विल्यम कॅरेने कोलकात्यात 1820 मध्ये कृषि-उद्यान संस्था काढली, पश्चिम भारतासाठी तशीच संस्था 1830 मध्ये स्थापन झाली. तीच आज पुण्याची एम्प्रेस गार्डन सांभाळते. जानेवारीतलं तिथलं पुष्पप्रदर्शन बहुतेक पुणेकरांना ठाऊक असतं, पण त्या बागेत डोकं वर करून पाहण्यासारख्या जाडजूड काष्ठवेलीही आहेत. गणेशखिंडीतलं वनस्पती उद्यान 1873चं. पुण्यातच शिकवणाऱ्या मार्शल वुड्रो यांचं भारतातल्या बागकामावरचं पुस्तक आणि थिओडोर कुक यांची 1901 ते 1908 दरम्यान आलेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची यांनी पाया घातला. बोर आणि रायझादा यांचं भारतीय वेली व झुडपांवरचं सचित्र पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1954 मध्ये काढलं. आजही त्या तोडीचं दुसरं सापडत नाही. या परंपरेने कमानी, मांडव, छाटणीची शिस्त आणि नावांचा काटेकोरपणा दिला. तिचा दोष असा की तिची नजर सतत विलायतेकडे होती. अजूनही बागकामाच्या रंगीत मासिकांत क्लेमॅटिस आणि विस्टेरियाची छायाचित्रं पाहून पुण्या-नागपुरात त्यांची रोपं शोधणारे भेटतात. त्यांना हवी ती थंडी इथल्या सपाटीवर मिळत नाही. क्लेमॅटिसची हौस मोरवेलीने भागू शकते. पावसाळा सरता सरता घाटात तिचे पांढरे झुबके कुणीही पाहावेत. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांची गोष्ट उलटी आहे. तिथे अंगणात क्लेमॅटिस मजेत चढते आणि मोगऱ्याची कुंडी हिवाळाभर खिडकीत आणून जपावी लागते.

देशी वनस्पतींचा आग्रह धरणारी आजची धारा या विलायती नजरेला दिलेलं उत्तर आहे. श्रीकांत इंगळहळीकर यांच्या सह्याद्रीतल्या फुलांवरच्या पुस्तकांनी हजारो लोकांना घाटातली फुलं नावानिशी ओळखायला शिकवलं. उन्हाळ्यात पांढऱ्या चांदण्यांनी भरणारी कुसर, म्हणजे रानजाई. शेंदरी-पिवळ्या तुऱ्यांची, पश्चिम घाटाची खास वाकेरी. खोडात पाणी साठवणारी उक्षी. पिवळा डाग असलेल्या झालरदार पांढऱ्या फुलांची आणि तीन पंखांच्या फळांची माधवी. कळलावी तर तमिळनाडूचं राज्यफूल आणि झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल. आपल्याकडे पहिल्या पावसात ती बांधावर उगवते आणि श्रावण-भाद्रपदात पिवळ्याची लाल होत पेटते. तिचे सगळे भाग विषारी आहेत, कंद सर्वांत जास्त. लहान मुलं किंवा कुत्री-मांजरं असलेल्या घरात ती लावू नये, हे पुस्तकात एकाहून अधिक ठिकाणी सांगितलं आहे आणि ते योग्यच आहे.

मात्र 'देशी ते चांगलं, परदेशी ते वाईट' इतकी सोपी वाटणी वेलींना लागू पडत नाही. आपली माधवी रियुनियन आणि मॉरिशस बेटांवर जंगलं गुदमरवणारं तण ठरली आहे. भारतातली थंबर्जिया ऑस्ट्रेलियात उपद्रवी आहे. आपल्याकडे आइसक्रीम वेल जमिनीतल्या गाठींतून पुन्हा पुन्हा फुटते आणि पडीक जागा व्यापते. दुसरीकडे दक्षिण अमेरिकेच्या कृष्णकमळावर इथल्या टॉनी कोस्टर फुलपाखराच्या अळ्या पोसतात. मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, तेव्हा लांब सोंडेचे पतंग येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते गुलाबी आणि लाल होतं, तेव्हा मधमाश्या आणि शिंजीर. निवड करताना जन्मभूमीइतकंच हेही पाहावं की ती वेल बागेच्या बाहेर पळते का आणि तिच्याकडे कोण येतं. हे पुस्तक याच मध्यम भूमिकेवर उभं आहे. काही कडवे देशीवादी त्यावर नाराज होतील.

तिसरी धारा गच्ची-बागेची. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने सूर्यप्रकाश, पानाचं क्षेत्रफळ आणि मुळांशी चाललेली कुजण्याची क्रिया यांचा हिशेब शेतकऱ्यांना शिकवला, मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी पिशव्या, उसाची चिपाडं आणि घरचा ओला कचरा वापरून गच्चीवर पिकं घेऊन दाखवली. त्यांचा भर भाजी-फळांवर होता, पण हलकी माती, पालापाचोळ्याचं आच्छादन आणि वाया गेलेल्या सेंद्रिय पदार्थांचा पुनर्वापर हे सगळं फुलवेलींनाही तसंच लागू होतं. चौथी धारा संकरकारांची. तमिळनाडूत कोडाईकनालला वीरू वीरराघवन यांनी मणिपूरच्या डोंगरातल्या रोझा जायगँटिया या रानगुलाबापासून उष्ण हवेत तगतील असे वेली गुलाब तयार केले. महाराष्ट्रातल्या गुलाबवेड्यांनी त्यांची दखल अजून पुरेशी घेतलेली नाही.

या सगळ्याची गरज आजच का, याचं उत्तर शहरांच्या नकाशात आहे. अंगण गेलं, परसू गेलं. उरली ती भिंत, कठडा आणि ग्रिल. हातभर जमिनीत किंवा एका मोठ्या पिंपात लावलेली वेल पश्चिमेची अख्खी भिंत झाकते आणि दुपारचं ऊन भिंतीपर्यंत पोचू देत नाही. पुण्या-मुंबईत उड्डाणपुलांच्या खांबांवर प्लॅस्टिकच्या खणांत लावलेल्या उभ्या बागा उभारल्या गेल्या. त्यांचं पाणी बंद पडलं की उन्हात रोपं करपतात. जमिनीत मुळं रोवलेल्या आणि तारेवर सोडलेल्या वेलीला ना खण लागतो ना पंप. असं असूनही उभ्या बागेचं कंत्राट निघतं आणि वेलीचं निघत नाही, कारण वेलीत खर्च दाखवायला फारसं काही नसतं.

देखभालीचा मुख्य भाग दोन प्रश्नांत येतो: फूल जुन्या फांदीवर येतं की नव्या, आणि वेलीला कधी तहान लावायची. मधुमालती, बोगनवेल, जाई नव्या फुटीवर फुलतात. त्या थंडीत छाटाव्यात. संक्रांतवेल आणि पेट्रिया आधीच्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर फुलतात. दिवाळीनंतर त्यांना 'साफ' करणारा माळी जानेवारी-फेब्रुवारीचा सगळा बहर कापून नेतो. त्यांची छाटणी फुलं ओसरल्यावरच. बोगनवेलीला पानं किंचित मलूल होईपर्यंत पाणी तोडलं की ती कळ्या धरते. रोज पाणी आणि नत्रयुक्त खत मिळालं की तिची फक्त पालवी माजते. गोकर्णाला तर नत्र वेगळं द्यायचं कारणच नाही. डाळवर्गीय असल्यामुळे त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू ते काम करतात. त्याचं बी रात्रभर भिजवून जूनमध्ये टोकलं की श्रावणात फुलं हाती येतात.

आणि ती तिसऱ्या मजल्यावर पळालेली मधुमालती? तिच्यावर उपाय आहे. शेंडा सरळ वर जात असताना तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक बाजूच्या कळ्यांना फुटू देत नाही. फांदी आडवी केली की हा दाब सैल होतो आणि जागोजागी फुटवे येऊन त्यांवर फुलं लागतात. म्हणजे वेल वर चढवण्याआधी तिला आडवं न्यायचं: गुडघ्याएवढ्या उंचीवर पहिली तार, मग दोन-दोन फुटांवर पुढच्या. ग्रिलला बांधण्याची घाई करायची नाही. भिंतीपासून फूट-दीड फूट अंतरावर खड्डा आणि भिंत व जाळी यांत चार बोटं मोकळी जागा ठेवली की हवा खेळते, पिठ्या ढेकूण आणि भुरी कमी होते. तरीही कीड आलीच तर पाच टक्के निंबोळी अर्क बहुतेक वेळा पुरतो. मोगऱ्याच्या कळ्या पोखरणाऱ्या अळीसाठी मात्र जांभळट पडलेल्या कळ्या रोज हाताने खुडून नष्ट कराव्या लागतात. त्याला सोपा पर्याय नाही.

हे पुस्तक विश्वकोश होण्याचा आव आणत नाही. शंभरेक जातींची जंत्री देण्याऐवजी थोड्या वेली निवडून त्यांचा जन्मापासून म्हातारपणापर्यंतचा सांभाळ सांगणं त्याने पसंत केलं आहे. गुटी कलम, दाब कलम, जुन्या मांडवाची दुरुस्ती, पावसाळ्यात भिजलेल्या वेलीचा भार, ही माणसांना प्रत्यक्ष अडणारी कामं त्यात आहेत. भाषा माळ्याशी बोलता येईल अशी आहे. काही गोष्टी सोडल्या आहेत. ऑर्किड नाहीत, फळवेली आणि भाजीवेली नाहीत, आणि द्राक्षाला तर स्वतंत्र ग्रंथालयच आहे. वेळापत्रक पुणे परिसराच्या हवेवर बेतलेलं आहे. कोकणातल्या वाचकाने जमिनीचा निचरा दुप्पट काळजीने पाहावा, लावणी मात्र पुणेकरापेक्षा थोडी आधी करायला हरकत नाही. विदर्भातल्या वाचकाने एप्रिल-मेसाठी पश्चिमेच्या वेलींना हिरव्या जाळीची सावली धरावी आणि जाई-जुईची लावणी मृगावर न ठेवता आर्द्रा लागल्यावर करावी.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एक काम करावं. ज्या भिंतीवर, कठड्यावर किंवा ग्रिलवर वेल चढवायची आहे तिथे सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला ऊन कुठवर येतं ते खडूने आखून ठेवावं, आणि तिथला गज, खांब किंवा तार किती जाड आहे ते मोजून लिहावं. पुस्तकातला निवडीचा पहिला तक्ता या दोन नोंदी हाताशी धरूनच वाचायचा आहे.